न सांगता ठरवलेली भेट



मागच्या लेखाला बरेच दिवस झाले. खरं सांगायचं तर जयपूरला आल्यापासून माणूस जरा सुस्तावलाय. फील्डमधून पीसला आलेल्या फौजीचं होतं तेच झालं. सकाळी पीटी, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी रोलकॉल आणि रात्री स्वतःच्या क्वार्टरमध्ये बायकोच्या हातचं गरम जेवण. युनिटचं नाव आणि काम इथं लिहायचं नाही हा आपला जुना नियम. मग जयपूरबद्दल लिहायला राहतं काय? हवामहल, घेवर आणि रजया. हवामहलावर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचलेलं आहे.

म्हणून आज एका कादंबरीबद्दल आणि तिच्यावरून निघालेल्या मालिकेबद्दल लिहितोय. हसू नका. कादंबरी कॉलेजच्या वयातल्या पोरापोरींच्या प्रेमाची आहे. चोवीस वर्षं नोकरी झालेल्या नायब सुभेदारानं असलं काही कशाला वाचावं, असं एका सोबत्यानं नाइट ड्यूटीला माझ्या हातात पुस्तक बघून विचारलंच. तेव्हा मी नुसताच हसलो. उत्तर आज देतो.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. जयपूरची थंडी म्हणजे दिवसा ऊन छान, पण सूर्य कलला की हाडात शिरते. आमची लेक जयपुरी रजईत शिरून मोबाईल बघत होती. तिचं बी.टेक.चं शेवटचं वर्ष. त्याच आठवड्यात तिला पुण्याच्या एका कंपनीत इंटर्नशिप मिळाली होती, आणि मी एका दमात 'जा' म्हणालो होतो. तिला वाटलं होतं पप्पा नाही म्हणतील, मग आई मध्ये पडेल, मग आठ दिवस धुसफूस होईल. तसलं काही न होता परवानगी मिळाल्यावर तिनं लहानपणी टाकायची तसे गळ्यात हात टाकले. सौ. माझ्याकडे बघतच राहिली. घरात माझा भाव एकदम वधारला. एरवी माझ्या बुटांचा आवाज आला की मोबाईल उशीखाली जातो. त्या रात्री गेला नाही.

"पप्पा, या ना. बघा, आपलं जयपूर आहे."

मी बसलो. पाच मिनिटं म्हणून बसलो आणि रात्री बारा वाजता उठलो.

मालिकेचं नाव 'मिसमॅच्ड'. नेटफ्लिक्सवर आहे. पहिला सीझन नोव्हेंबर २०२० मध्ये आला, सहा भागांचा. दुसरा २०२२ मध्ये आणि तिसरा डिसेंबर २०२४ मध्ये, प्रत्येकी आठ भागांचे. तिसऱ्यात गोष्ट हैदराबादला जाते, पण तिची मुळं जयपूरचीच. अरावली इन्स्टिट्यूट नावाच्या एका कल्पित कॉलेजात उन्हाळ्याचा कोर्स असतो, अ‍ॅप बनवायला शिकवणारा. तिथं अंबाल्याची डिंपल आहुजा येते आणि जयपूरचा ऋषीसिंग शेखावतही येतो.

डिंपल झालीय आपली ठाण्याची प्राजक्ता कोळी. ऋषी झालाय रोहित सराफ. ऋषीची आजी सुहासिनी मुळ्ये. पहिल्या सीझनच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक आकर्ष खुराना आणि दुसरे पुण्याचे निपुण धर्माधिकारी, 'धप्पा' आणि 'मी वसंतराव' वाले. म्हणजे गोष्ट राजस्थानची, भाषा हिंदी, पण आपली माणसं भरपूर. आमच्या युनिटसारखंच म्हणा ना.

शेखावत आडनाव ऐकून मला मात्र हसू आलं. शेखावाटी म्हणजे झुंझुनू, सीकर, चुरू हा भाग. तिथं घराघरातून फौजी निघतात. १९४८ साली टिथवालला परमवीरचक्र मिळवून गेलेले कंपनी हवालदार मेजर पीरूसिंग झुंझुनूचेच. ट्रेनिंगला मला एक शेखावत उस्ताद होते, त्यांची नजर आठवली तरी अजून टाचा जुळतात. आणि इथं हा शेखावत! गुबगुबीत गालांचा, डोळ्यांत स्वप्नं घेऊन फिरणारा, आजीला विचारून लग्न करायचं म्हणणारा. बरं वाटलं. फौजी इलाख्यातल्या पोरांनाही असं मऊ असायचा हक्क आहे.

आता मुख्य प्रसंग. ऋषीनं लग्न जुळवायच्या साइटवर डिंपलचा फोटो पाहिलेला असतो. तो तिच्यासाठीच कोर्सला येतो. समोर गाठ पडल्यावर तो तिला भावी बायको म्हणूनच हाक मारतो. तिला यातलं काहीएक माहीत नसतं. ती हातातली कोल्ड कॉफी त्याच्या अंगावर फेकते.

मी म्हणालो, "काय पोरगी आहे! त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?"

"पप्पा, तिला कुणी सांगितलंच नव्हतं."

"अगं, पण मुलगा चांगला आहे की. घरचे बघूनच ठरवतात ना?"

लेक काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या उशाशी एक इंग्रजी पुस्तक ठेवलं. "मालिका तर तुम्ही हसत हसत बघितली. आता हे वाचा."

मूळ कादंबरीचं नाव 'व्हेन डिंपल मेट ऋषी'. लेखिका संध्या मेनन. भारतात वाढल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. पुस्तक २०१७ साली तिकडे आलं आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीतही गेलं. माझं इंग्रजी म्हणजे ऑर्डर आणि लेटरपुरतं. पण हे पुस्तक सोपं आहे. ड्यूटी जेसीओ असलो की रात्री दोन राउंडच्या मध्ये दहा-बारा पानं होत. अडलं तर फोनवर शब्द बघायचा.

पहिल्यांदा लक्षात आलं ते हे की पुस्तकात जयपूर नाहीच. तिथली डिंपल शाह आहे, ऋषी पटेल आहे. दोघं अमेरिकेत जन्मलेले, कॅलिफोर्नियात वाढलेले, आईवडील भारतातून गेलेले. कोर्स आहे सॅन फ्रान्सिस्कोला, दीड महिन्याचा. डिंपलला पुढे स्टॅनफर्डला जायचंय आणि ऋषीला एमआयटीला. डिंपलच्या आईला मुलीनं चष्मा काढावा, काजळ घालावं, आणि एक आदर्श भारतीय नवरा शोधावा असं वाटतं. मुलीला कोडिंग सोडून कशाशी देणंघेणं नाही.

मालिका बघताना मला वाटलं होतं, कॅलिफोर्नियाचं जयपूर केलं, पटेलचं शेखावत केलं, झालं. बाकी गोष्ट तीच. पण पुस्तक वाचत गेलो तसं कळलं की जागा बदलली की गोष्टच बदलते.

पुस्तकातला ऋषी परंपरा परंपरा करतो, कारण तो घरापासून सात समुद्र लांब वाढलाय. त्याचे आईबाप ज्या देशातून आले तो देश त्याला हातातून निसटताना दिसतो. पणजीची अंगठी खिशात घालून तो कोर्सला येतो. अमेरिकेतल्या पोरांच्या मेळ्यात हा एकटा पोरगा आईवडिलांच्या शब्दावर लग्न करायला तयार आहे. तिथं परंपरा पाळणं म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणं आहे. तोच ऋषी जयपुरात आणला की काय होतं? इथं गल्लीगल्लीत तेच चाललेलं आहे. लग्न घरच्यांनी ठरवायचं यात जयपुरात वेगळेपण काय? मला वाटतं, म्हणूनच मालिकावाल्यांना त्याचे आईवडील वेगळे झालेले दाखवावे लागले. मोडलेल्या घरातलं पोर पक्कं घर शोधतं, आणि आजीची जुनी पद्धत त्याला भक्कम वाटते. पुस्तकातला ऋषी देश सुटू नये म्हणून परंपरा धरतो. मालिकेतला घर पुन्हा मोडू नये म्हणून धरतो. दोन्ही खरं वाटतं, पण दोन्ही पोरं वेगळी आहेत.

आणि मंडळी, पुस्तकातलं जे आहे ना, ते आपल्या फौजी कुटुंबांचं आहे. मालिकेत आमच्या कॅम्पपासून रिक्षानं जाता येईल असं जयपूर दिसतं, तरी मी स्वतःला ओळखलं ते कॅलिफोर्नियातल्या त्या आईबापांत.

आठवून बघा. गावाला असताना गुढी कोण उभारतं? घरातलं कुणीतरी. आपण झोपलेले असतो. पण आसाममध्ये असताना मी मच्छरदाणीच्या काठीला सौ.चं जरीचं पातळ आणि स्टीलचा गडू लावून गुढी उभारलीय. इथं राजस्थानात कडुलिंब पाहिजे तेवढा मिळतो, पण साखरेच्या गाठी नाहीत, म्हणून त्या सुट्टीवरून येणाऱ्या जवानाबरोबर मागवायच्या. गणपतीत पाच मराठी घरं जमली की आरतीला गावात नसतो एवढा जोर येतो. लेक केंद्रीय विद्यालयात शिकली. पाच शाळा बदलल्या. हिंदीत विचार करते, इंग्रजीत लिहिते, आणि मराठी बोलताना मध्येच "मतलब" म्हणते. तिच्या प्रत्येक "मतलब"ला माझ्या पोटात गोळा येतो. ही आपल्या मातीतून सुटली तर? मग वाटायला लागतं, निदान लग्न तरी आपल्याकडं व्हावं. माणदेशातलं नाही तर सातारा-पुण्यातलं, आपल्या ओळखीतलं घर. पुस्तकातले आईबाप दुसरं काय करतात? तेच करतात. ते दुष्ट नाहीत, पण घाबरलेले आहेत.

मालिकेचं थोडं कौतुकही केलं पाहिजे, कारण तिनं जे नवीन घातलंय ते मला आवडलं. पुस्तक सगळं दोघांभोवती फिरतं. मालिकेत वर्गभर माणसं आहेत. झीनत नावाची विधवा बाई आहे, विद्या माळवदेनं केलेली. पोरांच्या वयाच्या मुलांत बसून ती कोडिंग शिकते. आमच्याकडे फॅमिली वेल्फेअर सेंटरला कॉम्प्युटरच्या क्लासला येणाऱ्या वीरनारी मी बघितल्यात. पहिल्या दिवशी माऊसला हात लावायला भितात आणि महिन्याभरात पेन्शनचा अर्ज स्वतः टाइप करतात. झीनतला बघताना त्या आठवल्या.

दुसरा अनमोल. व्हीलचेअरवर असलेला मुलगा, कॉम्प्युटर गेमचा वेडा, आणि चक्क खडूस. आपल्याकडे व्हीलचेअरवरचा माणूस दाखवला की तो संत तरी असतो नाहीतर रडका. हा तसा नाही. टोचून बोलतो, डाव टाकतो, चुकतो. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरला आमचा एक जुना सोबती आहे. त्याला भेटायला गेलो की पहिली शिवी तो घालतो, मग चहा. त्याला कुणी "बिचारा" म्हटलेलं खपत नाही. अनमोल त्याला आवडला असता. आणि मनातलं घरी बोलू न शकणारी नम्रता आहे. तिला मुलगी आवडते, आणि हे आईवडिलांना कळलं तर काय या धास्तीत ती जगते. ही सगळी माणसं मालिकेची कमाई.

पण पुस्तकात एक गोष्ट आहे ती कॅमेऱ्याला जमत नाही. लेखिका थोडा वेळ डिंपलच्या डोक्यात बसवते, थोडा वेळ ऋषीच्या. त्यामुळे कॉफीचा तो प्रसंग पुस्तकात येईपर्यंत आपल्याला दोन्ही बाजू ठाऊक झालेल्या असतात. ऋषी मनापासून समजून चाललाय की मुलीला सगळं सांगितलेलं आहे. आणि डिंपल मनापासून समजून चाललीय की आईवडिलांनी आपली हौस ओळखून, आपल्यावर विश्वास टाकून कोर्सला पाठवलं. पडद्यावर शर्टावर कॉफी उडाली की आपण हसतो. पुस्तकात हसू येत नाही, कारण कळतं की त्या क्षणी तिला राग त्या पोराचा कमी आणि दुसऱ्याच गोष्टीचा जास्त आलाय. आईबापांनी 'जा' म्हटल्याचा जो आनंद तिला झाला होता, तो खोटा निघाला.

हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मी पुस्तक पालथं ठेवलं आणि राउंडला निघालो. राउंड जरा लांबचाच मारला.

कारण मी तुम्हाला वर सगळं सांगितलेलं नाही.

लेकीला पुण्याला जायला मी एका दमात 'जा' म्हणालो, ते उगाच नव्हतं. माझा एक जुना सोबती, एका ट्रेंचमध्ये राहिलेला, रिटायर होऊन दिघीला स्थायिक झालाय. त्याचा मुलगा इंजिनिअर. घर माहितीतलं, माणसं सरळ. लेकीच्या इंटर्नशिपचा विषय निघाला त्याच्या आदल्या महिन्यातच मी त्याला तिचा फोटो आणि माहिती पाठवली होती. कंपनी पुण्याची निघाली तेव्हा आम्हा दोघांना वाटलं, देवानंच योग आणला. ठरलं असं की ती पुण्यात राहील, दर रविवारी त्यांच्या घरी जेवायला जाईल, पोरं एकमेकांना बघतील. "आत्ताच काही सांगायचं नाही, उगाच बिथरतील," हे वाक्य माझंच. सौ.ला एवढंच सांगितलं होतं की पुण्यात ओळखीचं घर आहे.

पुस्तकात निदान मुलाला तरी माहीत होतं. आम्ही दोघांनाही अंधारात ठेवलं होतं.

आणखी एक सांगतो. पुस्तकातली डिंपल जे अ‍ॅप बनवते ते तिच्या वडिलांसाठी आहे. त्यांना मधुमेह आहे आणि ते औषध घ्यायचा कंटाळा करतात, म्हणून वेळच्या वेळी औषध घेतलं की शाबासकी मिळेल असं काहीतरी ती डोक्यात घेऊन आलेली आहे. हे वाचताना माझा फोन टेबलावर होता. दोन वर्षांपूर्वी ब्लडप्रेशरमुळे मी लो मेडिकल कॅटेगरीत गेलो. तेव्हापासून रोज रात्री नऊला त्या फोनवर अलार्म वाजतो. स्क्रीनवर अक्षरं येतात, 'पप्पा, गोळी'. लेकीनं लावून दिलाय. ज्या फोनवर तिनं माझ्या जिवासाठी अलार्म लावला, त्याच फोनवरून तिला न विचारता मी तिचा फोटो पाठवला होता.

फौजेत आपण काय शिकलो? पेट्रोल निघायच्या आधी सगळ्यांना ऑर्डर देतात. शेवटच्या जवानालाही माहीत पाहिजे की कुठं चाललोय, कशासाठी, कुठल्या वाटेनं, आणि गडबड झाली तर काय करायचं. कुणाला न सांगता नेत नाहीत. चोवीस वर्षं मी हे पोरांना शिकवलं. आणि स्वतःच्या पोरीला ब्रीफिंग न देता पाठवत होतो.

सकाळी ड्यूटी उतरवून घरी आलो आणि आधी सौ.ला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. ऐकून घेतलं. लाटणं थांबलं नाही.

मग म्हणाली, "अहो, मला तुम्ही बघायला आलात ना, ते मला कधी कळलं माहितीये?"

मला वाटत होतं, आदल्या दिवशी.

"मावशीकडं साखरपुडा आहे, म्हणून नवीन साडी नेसवून नेलं. तिथं गेल्यावर कळलं की साखरपुडा कुणाचाच नाही. फौजी बसलाय समोर."

बावीस वर्षं संसार झाला. बदलीच्या बदल्या, पेट्यांच्या पेट्या, पण हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं, राग आला होता का? म्हणाली, "तुमचा नाही. आईचा. आता आई नाही, तरी आठवलं की येतो." आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

लेकीला संध्याकाळी सांगितलं. फोटो पाठवला, हे ठरलं, रविवारचं जेवण, सगळं. शेजारी पुस्तक ठेवलं होतं. मला वाटलं होतं ओरडेल, रडेल, कॉफी तर घरात नव्हती. तिनं यातलं काही केलं नाही. बराच वेळ गप्प बसली आणि एकच विचारलं,

"पप्पा, ते लोक पुण्यात नसते, तर तुम्ही मला जा म्हणाला असता का?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हो म्हटलं तर खोटं होतं, आणि नाही म्हणवेना. मी म्हणालो, "माहीत नाही, बाळा." ती उठून आत गेली.

दिघीला फोन करून सोबत्याला सांगितलं की रविवार रद्द. तो आधी हसला, मग जरा गप्प झाला, मग म्हणाला, "बरं झालं. मीही पोराला सांगून टाकतो." आमची दोस्ती तशीच आहे.

आता मालिका आणि पुस्तक यांत चांगलं काय, असं विचाराल तर माझं मत सांगतो. रजईत चार जणांनी मिळून बघायचं असेल तर मालिका. तिच्यात रंग आहे, गाणी आहेत, जयपूर आहे, आणि प्राजक्ताचा वैतागलेला चेहरा बघायला मजा येते. या पोरीनं आता स्वतःही प्रेमाची कादंबरी लिहिलीय, 'टू गुड टू बी ट्रू', २०२५ मध्ये आली. लेकीनं ती पुण्याला नेलीय. पण मालिकेला पुढचा सीझन आणायचा असतो, म्हणून तिच्यात गैरसमजावर गैरसमज रचत जावं लागतं. जुळतं, तुटतं, पुन्हा जुळतं. बावीस भाग झाले की माणूस थकतो. पुस्तक एका उन्हाळ्यात सुरू होऊन संपतं. दोन पोरं, दीड महिना, आणि शेवटी दोघंही आईबापांनी आखलेल्या नाही तर स्वतः निवडलेल्या वाटेनं एकत्र येतात. चित्रं काढणारा ऋषी चित्रांकडे वळतो.

एक गोष्ट मला पुस्तकात फार खरी वाटली. आईबापांनी निवडलेला मुलगा खरंच चांगला निघतो. म्हणजे त्यांची निवड चुकलेली नव्हती. तरीसुद्धा त्यांनी जे केलं ते चूकच होतं. ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, हे मला चोवीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं. दिघीचा मुलगाही चांगलाच असेल. पण प्रश्न तो नव्हताच.

सोबत्यानं विचारलं होतं, असलं पुस्तक कशाला वाचतोस? हे त्याचं उत्तर.

लेक फेब्रुवारीत पुण्याला गेली. गाडीत बसवायला जयपूर जंक्शनवर मी आणि सौ. दोघंही गेलो. बॅगेत तिळाची गजक होती, आईनं दिलेली. माझ्याशी कामापुरतं बोलली. पाया पडली, ते पूर्वीसारखंच. पण गळ्यात हात टाकले नाहीत. गाडी हलली, आणि मला पहिल्यांदा कळलं की फील्डला जाताना माझ्या बापाला प्लॅटफॉर्मवर काय वाटत असेल.

पहिले दहा-बारा दिवस फोन आईलाच यायचा. मी शेजारी बसून ऐकायचो. एकदा सौ.नं फोन माझ्या हातात दिला तर इकडूनही शांत आणि तिकडूनही शांत. मग तीच म्हणाली, "गोळी घेतली का?" मी म्हणालो, घेतली. "बरं," म्हणाली आणि ठेवला.

परवा रात्री नऊ वाजता अलार्म वाजला. रोजच्या सवयीनं बंद करायला गेलो आणि हात थांबला. अक्षरं बदललेली होती. जाण्याआधी कधीतरी माझा फोन घेऊन तिनं नवा अलार्म लावून ठेवला असणार, पुढच्या महिन्याची तारीख टाकून. स्क्रीनवर होतं,

'पप्पा, गोळी. आणि पुढच्या वेळी आधी विचारा.'

पुढच्या वेळी, असं लिहिलंय. म्हणजे दार बंद झालेलं नाही, असं सौ. म्हणते. मीही तसंच धरून चाललोय. पण तिला विचारल्याशिवाय काही नक्की समजायचं नाही, एवढं आता ठरवलंय.

गोळी घेतली. तुम्हीही घेत जा, बीपीवाले बरेच आहात तुम्ही. पुढच्या लेखात आमेरच्या किल्ल्यावर जाऊ.

जय हिंद, जय महाराष्ट्र.